टाकीपाशी बोअर

बाटली काळी पडली त्या सकाळी मी आधी आमच्या ह्यांच्यावरच चिडले, कारण चिडायला समोर दुसरं कोणी नव्हतं. आमच्या ले-आऊटच्या नव्या वस्तीत काही जणांना कावीळ झाली, म्हणून आशा वर्करने घरोघरी औषध घातलेल्या लहान बाटल्या वाटल्या होत्या. बोअरचं पाणी खुणेपर्यंत भरायचं, झाकण लावून ठेवून द्यायचं आणि पाण्यात घाण असेल तर ते काळं पडेल, एवढंच तिने सांगितलं होतं. मी बाटली मसाल्याच्या डब्यामागे ठेवली आणि विसरून गेले. काढली तेव्हा आत काजळ कालवल्यासारखं पाणी होतं.

"बाटलीच खराब असन," हे म्हणाले. "पाणी पाय ना, कसं काचेवानी आहे."

ते खरंच तसं होतं. ह्यांची नोकरी भद्रावतीला झाली, निवृत्तीनंतर त्याच गावाच्या कडेला प्लॉट घेऊन आम्ही इथे घर बांधलं. त्याआधी इथे सोयाबीन पिकत होतं. बोअर मारली त्या दिवशी पहिली ओंजळ मी प्यायले आणि माझा माझ्यावर विश्वास बसेना. माझ्या माहेरचं पाणी इतकं जड की डाळ शिजता शिजता दुपार व्हायची. इथे डाळ लोण्यासारखी शिजायची. येईल त्याला मी चहाआधी पाणी द्यायचे आणि तो काय म्हणतो म्हणून तोंडाकडे बघत बसायचे. त्या पाण्याला कोणी नावं ठेवावीत हे मला सहनच होईना.

दुसरी बाटली मागून आणली, तीही काळी झाली. आमची लेक पुण्याला असते, तिला दिवस गेलेले. डोहाळजेवण करून तिला इथे आणायचं, पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, सगळं ठरलेलं. बाळासाठी गोधड्या शिवून तयार होत्या. मी चंद्रपूरला आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि पाणी उकळून दिलं तर चालेल ना, असं विचारलं. त्या म्हणाल्या, पिण्याचं उकळाल, पण चूळ भरायची, भाजी धुवायची, भांडी विसळायची, कुठे कुठे उकळत बसाल? दूषित पाण्यातून होणारी कावीळ पोटुशा बाईच्या जिवावर बेतू शकते, पाण्याची खात्री नसेल तर आणूच नका. मी घरी आले ती घरभर नुसती फिरत राहिले. एवढं गोड पाणी आणि त्याच्यात असं काय आहे, तेच समजेना.

समजलं ते गच्चीवर मुगाच्या वड्या वाळत घालताना. आमच्या ओळीतली सगळी घरं उत्तरेला तोंड करून एकाला एक लागून आहेत. प्रत्येक अंगणात रस्त्याकडच्या एका कोपऱ्यात बोअर आणि दुसऱ्या कोपऱ्यात संडासाची टाकी, टाकीवर हवा जायला पांढरा उभा पाईप. इतकी वर्षं मी वड्या वाळवत आले, पण हे पाईप कधी बघितलेच नव्हते. बघितलं तर आमच्या बोअरला लागून, भिंतीच्या पलीकडे, पूर्वेकडच्या शेजाऱ्यांचा पाईप. त्यांच्या बोअरला लागून त्यांच्या पुढच्या घराचा. थेट ओळ संपेपर्यंत तेच. मी हातातलं पीठ तसंच घेऊन खाली आले आणि ह्यांना वर घेऊन गेले.

हे सगळं वास्तूप्रमाणे झालेलं होतं. पाणी ईशान्येला, टाकी वायव्येला. ज्याने त्याने आपल्या प्लॉटपुरतं शास्त्र अगदी चोख पाळलं, आणि एकाची ईशान्य जिथे संपते तिथे दुसऱ्याची वायव्य सुरू होते हे कोणी बघितलंच नाही. बरं, आम्ही तर वास्तू मानणारेही नाही. आजेसासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात मुहूर्त नाही की वास्तू नाही. पण मिस्त्री ह्यांना म्हणाला होता, "भाऊ, साऱ्यायचं असंच आहे. तुमचंच काऊन उलटं करता? उद्या घर विकाले काढलं त गिऱ्हाईक भेटनार नाई." ह्यांनी मान डोलावली. आता गच्चीवर उभं राहून हिशेब लावला, तर उलटं केलं असतं तर बोअरपाशी बोअर आली असती आणि टाकीपाशी टाकी. म्हणजे जे मानत नाही ते पाळून आम्ही फसलो होतो. मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

त्यात ह्या टाक्यांना तळ नाही. "खाली कायले बांधता, जमीन पिऊन घेते," हा त्याच मिस्त्रीचा सल्ला. टाकी भरत नाही, उपसायला गाडी बोलवावी लागत नाही, ह्याची आमच्या गल्लीत चक्क फुशारकी मारतात.

मी तणतणतच पूर्वेकडच्या भाऊंकडे गेले. ते बिचारे खुर्ची देऊन मोकळे. त्यांची टाकी आमच्या बोअरला लागून आहे म्हटल्यावर म्हणाले, "बाई, पर माही टाकी त कधी भरतच नाई!"

"तेच तर सांगून राह्यली, भाऊ. ते सारं जाते कुठी?"

ते उठले. मग मला त्यांच्या बोअरपाशी नेलं आणि पलीकडचा पाईप दाखवला. "मंग मी कोनाले बोलू? त्याच्याशी भांडू? तो त्याच्या पुढच्याशी भांडन?" आवाजात राग नव्हता, तेही माझ्यासारखेच गोंधळलेले होते. आधी पुढच्याने दुरुस्त करावं, मग आपण करू, असं म्हणून त्यांनी मला चहा पाजला. चहा त्याच पाण्याचा. मी प्यायले, कारण नाही कसं म्हणायचं तेही मला सुचलं नाही.

संध्याकाळी पश्चिमेकडच्या बाई भिंतीशी आल्या. त्या एकट्या राहतात, धानाची शेती बटाईने देऊन इथे आलेल्या, वयाने माझ्या आईएवढ्या. गल्लीतली बातमी त्यांच्या कानावर गेलीच होती. पाण्याने भरलेली पितळेची गुंडी, लहान कळशीच ती, त्यांनी भिंतीवर ठेवली. "माह्या बोअरचं पानी घे," त्या म्हणाल्या. "लेक आली का रोज दोन गुंड्या देत जाईन. पोरगी बाळंतपनाले माहेरी नाई येईन त जाईन कुठी?"

मी गुंडीला हात लावला आणि माझी नजर आपसूक त्यांच्या बोअरकडे गेली. तिच्या अगदी शेजारी, भिंतीच्या आमच्या बाजूला, आमच्या टाकीचा पांढरा पाईप उभा होता. दिवसभर मी पूर्वेकडेच बघत होते. तो पाईप आमचा आहे हे गच्चीवरूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मला फार लाज वाटली. मग जे आहे ते सगळं त्यांना सांगितलं.

त्यांनी पाईप पाहिला, गुंडी पाहिली. "एवढं पेली, मले त काई झालं नाई," असं म्हणाल्या खऱ्या, पण गुंडी उचलून त्यांनी पाणी जास्वंदीच्या मुळाशी ओतून टाकलं.

ह्यांच्याशी रात्री जेवताना माझं कडाक्याचं भांडण झालं. आपली टाकी दुरुस्त करून आपल्याला काय मिळणार, हे ह्यांचं म्हणणं. पश्चिमेकडच्या बाई आपल्या टाकीतलं पितात त्याचं काय, हे माझं. पण सकाळी उठून ह्यांनीच उपसायच्या गाडीला फोन लावला. टाकी रिकामी केली, मिस्त्रीला पुढ्यात उभं करून तळाला काँक्रीट घालून घेतलं, आणि टाकीतून निघणारं पाणी मागच्या अंगणात, बोअरींपासून दूर, केळींच्या पलीकडे शोषखड्डा करून तिकडे वळवलं. काम चालू असताना पूर्वेकडचे भाऊ दोनदा येऊन बघून गेले. छान होऊन राह्यलं, म्हणाले. त्यांची टाकी अजून तशीच आहे.

काम संपलं त्या दुपारी लेकीचा फोन आला. टाकीचं काम काढल्याचं तिला तिच्या बाबांनी आधीच सांगितलं होतं. ती खुशीत होती.

"झालं का मग आपलं पाणी चांगलं?"

"आपलं नाही गं," मी म्हणाले. "पलीकडच्या आजींचं होईल. हळूहळू."

"आणि आपलं?"

"आपलं भाऊंच्या हातात आहे. त्यांचं त्यांच्या पुढच्याच्या."

मला वाटलं तिला काहीच समजलं नसणार, मला तरी कुठे समजलं होतं. मग तिने अगदी हळू विचारलं, "म्हणजे मी येऊ नको, आई?"

मागे नळ चालू राहिला होता. गोधड्या धुवायला मी बादली लावली होती. पाणी अगदी काचेसारखं होतं.

"नको येऊ," मी म्हणाले.