मंडळातले बाण

एम.ए.ला होते तेव्हा मानसशास्त्र शिकवणाऱ्या बहनजींनी प्रात्यक्षिक दिलं: एक गट निवडा, प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, आणि प्रत्येकाचं एक वर्तुळ आखून कोण कोणाला निवडतो त्याचे बाण काढा. चार माणसं प्लॅटफॉर्मवर उभी असली म्हणजे गट होत नाही, 'आपण' म्हणणारी हवीत, असं त्यांनी बजावलं होतं. झाशीत 'आपण, आपण' म्हणत भांडणारी माणसं मला आयतीच मिळाली. आमचं मराठी गणेशोत्सव मंडळ! अकरा सभासद, बहुतेक रेल्वेतले, आणि चिटणीस माझे बाबा. मंडळ म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

प्रश्न साधा होता. लांबच्या प्रवासात शेजारी कोण बसलेलं आवडेल?

पण रेल्वेच्या माणसांना 'समजा' म्हणून काही विचारायची सोयच नाही. अध्यक्ष म्हणाले, आधी गाडी कुठली ते सांग. एका काकूंना खालचा बर्थ लेखी हवा होता. "ऐसा है भैया," मालधक्क्यावरच्या मालबाबूंनी जाहीर केलं, "पोरीनं फुकट पासची सोय केलीय." झालं! रविवारी सकाळी अख्खं मंडळ होल्डॉल, सुरया आणि दशम्यांचे डबे घेऊन स्टेशनवर हजर. बाबा यादी घेऊन हजेरी मांडत होते. कुठं जायचंय, हे एकानंही विचारलं नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. शेवटी बाकांवर बसून दशम्या खाल्ल्या, सहल झकास झाली असं ठरलं आणि मंडळी घरी गेली.

उत्तरं मात्र सगळ्यांनी दिली होती. बहुतेक बाण गार्डकाकांकडे गेले, कारण कुठल्या स्टेशनावर चहा बरा मिळतो ते त्यांना पाठ. बाबांच्या वर्तुळातून दहा बाण निघाले. त्यांनी उत्तरात 'सर्व सभासद' लिहिलं होतं. त्यांच्याकडे येणारा एकही नव्हता.

बाई गं! ते कागद मागणार, हे ठरलेलं. मी पेन्सिलीनं बाहेरून एक बाण त्यांच्याकडे ओढला.

बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "हा कुणाचा?"

"माझा."

"तू सभासद कुठं आहेस? बोलावून दमलो, एका सभेला आली नाहीस. खोड तो."

मी रडत रडत खोडला. ते पुढच्या सभेची आमंत्रणं लिहायला बसले.

"बाबा, मलाही एक द्या."

"कीव म्हणून नको," ते म्हणाले आणि पाकिटं चिकटवू लागले.