गंगूबाईची चार मडकी

बडनेऱ्याचा रस्ता मागे पडला, चांगलं फटफटीत उजाडलं, तरी गंगूबाईच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. विमलला चालण्यापेक्षा त्याचाच शीण वाटू लागला. एरवी गंगूबाई म्हणजे वाटेतल्या दगडालाही "कसं काय?" विचारणारी बाई. कोंडेश्वराची टेकडी अजून कोसभर होती. वैशाखातला सोमवार, ऊन तापायच्या आत महादेवाला पाणी घालून परतायचं, म्हणून दोघी अंधारातच अमरावतीहून निघाल्या होत्या. नवस विमलचा. गंगूबाई आपली सोबतीला.

"पाय दुखतात का हो?" विमलनं विचारलं.

"पायाले काय धाड भरली?"

एवढंच. पुन्हा आपली चालू लागली, अनवाणी, डोक्यावर बेलाची टोपली.

विमल मुलींच्या शाळेत शिकवायची. तिचे यजमान कमलाकांत अकोल्याला कचेरीत होते, ते महिन्यातून एकदा घरी येत. घरात ती आणि तिचे सासरे महादेवराव. मामंजी एके काळचे नावाजलेले वकील. दोन वर्षांमागे त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि वाचाही गेली. ज्या माणसाचा आवाज कोर्टाच्या आवाराबाहेर ऐकू यायचा, त्याला आता वाटी पडली तरी सोसेना. सारं अंग थरथरायचं.

त्यांचं मन रमे ते एका गोष्टीत. बदली होऊन जबलपूरला निघालेल्या कुणा साहेबाच्या सामानाच्या लिलावातून त्यांनी पूर्वी काचेची मोठी पेटी आणली होती. आजारपणात ती माळ्यावरून उतरवली, आणि वडाळीच्या तलावातले बोटाएवढे सात मासे तिच्यात सोडले. मामंजी तासन्‌तास त्यांच्याकडे बघत पडून राहत. शेजारच्या शैलावहिनी म्हणायच्या, "ब्राह्मणाच्या घरी मासे! शिजत नाहीत, एवढंच समाधान." विमल हसून सोडून द्यायची. देवानं पहिला अवतार माशाचाच घेतला, त्यात काय वाईट, असं तिला आपलं वाटे.

खोली पश्चिमेची. चैत्र लागला की खिडकीला वाळ्याची ताटी बांधायची आणि दुपारभर तिच्यावर पाणी मारायला गंगूबाई यायची. सकाळी महादेवाच्या देवळाबाहेर बेलफुलं विकणं, दुपारी हे काम. मोर्शीकडची माळ्याची लेक. मानमोडीच्या साथीत नवरा आणि दोन पोरं आठ दिवसांत गेली, त्याला अठरा वर्षं झाली. माळीपुऱ्यातल्या खोलीत ती एकटीच राहायची. "घरी कोनाशी बोलू?" ती म्हणायची. "चुलीशी बोलतो, तं थे नुसती फुसफुस करते."

म्हणून ती ताटीशी बोले. ताटीपलीकडे मामंजी असत. शाळेतून आल्यावर विमलच्या कानावर पडायचं, हलक्या आवाजात चाललेलं: "वकीलसायेब, आज बेलाचा पाला मिळतच नोता... थे मैनाबाई हाये ना, सुनेशी भांडून देवळातच झोपली रात्रभर... तुमचे मासे बरे हायेत ना?" आतून उत्तर यायचं नाही. गंगूबाईला त्याची गरजही नव्हती. तिच्या बोलण्याला समोर एक माणूस होतं, तेवढं पुरे होतं.

यंदा मात्र खोलीचं काही बिनसलं. आत पाऊल टाकलं की ओल्या घोंगडीखाली गेल्यासारखं व्हायचं. भिंतीला पोपडे आले, वकिलीच्या जाडजूड पुस्तकांवर बुरशी चढली. मासे वर येऊन तोंड उघडू लागले, आणि खाटेवर मामंजीही तसेच. विमल पाणी आणखी मारायला सांगे, तसं आणखीच कोंदे. गंगूबाईनं बादली भिरकावली की सपकन आवाज व्हायचा आणि मामंजी दचकायचे, ते वेगळंच.

कमलाकांतांनी अकोल्याहून विजेचा पंखा आणला. त्याची घरघर सुरू झाली तशी मामंजींनी चांगल्या हातानं एक कान दाबून धरला आणि डोळ्यांतून पाणी काढलं. पंखा परत खोक्यात गेला. डॉक्टर म्हणाले, "ही पाण्याची पेटी काढा, नाहीतर यांना मागच्या खोलीत हलवा." पेटी काढायची म्हणजे मामंजींचा उरलासुरला जीव काढायचा. आणि मागच्या खोलीला खिडकीच नव्हती. खिडकी नाही म्हणजे ताटी नाही.

ते ऐकून अंगणात गंगूबाईची बादली खाली बसली. "बाई, मंग मी?" असं ती पुटपुटली, आणि लगेच आवाज चढवून म्हणाली, "आठ दिस द्या मले. मी पायतो."

ती पहिल्यांदाच आत आली. खोलीभर फिरली, समोरच्या भिंतीतल्या बंद झरोक्यापाशी थांबली. "हे काहून बुजवलं?"

"थंडावा बाहेर जाईल म्हणून. शिवाय मांजर येतं माशांवर."

"बापा! मास्तरीन मनवता अन्‌ इतकं समजत नाई? घराले श्वास घ्याले जागा देली, सोडाले कोन देईन? ताटीचं पानी आत, पेटीचं पानी आत, वकीलसायेबाचा घाम आत. जाईन कोठी थे?"

तिनं झरोका मोकळा केला, मांजरासाठी त्याला बांबूची जाळी ठोकली. आढ्याजवळची दोन कौलं सरकवून घेतली. तासाभरात खोलीतली हवा हलली. पुस्तकाचं पान आपोआप उलटलं, आवाज न करता.

राहिला बादलीच्या पाण्याचा सपका. तो गंगूबाईनं देवळात बसून सोडवला. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर गळती टांगलेली असते, थेंब थेंब पाणी चोवीस घंटे, आणि गाभाऱ्यात चिटपाखराचा आवाज नाही. तिनं चार मडक्यांना बुडाशी भोकं पाडली, त्यांत सुताच्या वाती घातल्या आणि ती ताटीच्या माथ्यावर ओळीनं बांधली. पाणी वातीवरून वाळ्यात उतरे, मुळ्यामुळ्यांतून झिरपे. दिवसातून दोनदा मडकी भरली की झालं. ते काम विमल शाळेआधी आणि शाळेनंतर सहज करू शकत होती.

तीन दिवसांत मासे पेटीच्या मध्यात फिरू लागले. मामंजींचा श्वास सरळ झाला. डॉक्टरांनी मान डोलावली. पेटी राहिली, खोली राहिली. विमलनं आनंदानं मामंजींसाठी बोललेला कोंडेश्वराचा नवस फेडायला घेतला आणि गंगूबाईला म्हणाली, "आता उन्हात उभं राहायला नको तुम्हाला. सुटलात!"

गंगूबाई तेव्हा हसली होती. ते हसू विमलला आत्ता, या रस्त्यावर, नीट आठवलं. आणि आणखी एक: तीन दिवस झाले, दुपारच्या वेळी मामंजी माशांकडे पाठ करून ताटीकडे बघत पडत होते. गार वाटतं म्हणून असेल, असं तिनं धरून चाललं होतं.

"गंगूबाई," ती थांबून म्हणाली, "गेले तीन दिवस दुपारी काय करता हो?"

"काय करतो? दार लावतो अन्‌ बसतो. मंग दार उघडतो. कोनी नसते. मंग पुन्हा लावतो."

तिनं टोपली खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग टेकडीकडे बघत, विमलकडे न बघता म्हणाली,

"बाई, एक सांगू? चारातले दोन मडके काढून ठेवजा. तितक्या जागेवर मीच पानी देत जाईन, हातानं. बादलीनं नाई, वंजळीनं. आवाज नाई होनार, महादेवाची आन. फक्त दुपारचं येऊ देजा मले."