माकडाने उष्टावलेली वटपौर्णिमा

बाजारात पिकल्या जांभळांचा वास आला ना, की मला बोरिवलीतली माझी पहिली वटपौर्णिमा आठवते. जंगलाच्या भिंतीलगतच्या वडाला मी दोरा गुंडाळत होते, तेवढ्यात एका माकडाने माझ्या ताटातली मूठभर जांभळं उचलली, गाल टम्म फुगवले आणि भिंतीवर बसून एकेक बी पलीकडे थुंकू लागलं. पूजा उष्टी झाली, आता सासूबाई काय म्हणतील, या धास्तीने मला रडूच फुटलं. त्या म्हणाल्या, "रडतेस काय गं? या माकडांनी थुंकलेल्या बियांतूनच तर समोरचं रान वाढलंय. पोचली तुझी पूजा!" मग उरलेली जांभळं आम्ही दोघींनी तोंडात कोंबली. "चल, बघू कुणाची बी लांब जाते!" त्याच जिंकल्या. यंदा मात्र मी माझ्या सुनेला हरवलं हो!