साडूंची वाढीव वॉरंटी

बिघडणाऱ्या वस्तूला इतका जीव लावणारा माणूस भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत माझ्या थोरल्या साडूंशिवाय दुसरा सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. आम्ही नसरापूरला, ते भोरला. उभा जन्म कचेरीत गेल्यामुळे सही-शिक्क्याच्या कागदावर त्यांची गाढ श्रद्धा होती आणि माणसांवर मुळीच नव्हती. घरात आलेली कुठलीही विजेची वस्तू ही मुळात आपल्याला फसवायला आली आहे, असं ते धरून चालत. म्हणून ती घेतानाच तिची वाढीव वॉरंटी घ्यायची, म्हणजे कंपनीची फुकटची मुदत संपल्यावर पुढची काही वर्षं पैसे भरून विकत घ्यायची. दुकानदार इतर गिऱ्हाइकांच्या मागे लागून ही वॉरंटी गळ्यात मारतात. साडू दुकानात शिरून आधी वॉरंटी मागत आणि मग विचारत, "हं, आता फ्रिज दाखवा."

एवढी मुदत विकत घेतल्यावर ती वस्तू मनमोकळी वापरावी की नाही? छे! रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, फ्रिजच्या दारावर कंपनीचं स्टिकर जसंच्या तसं, आणि मागच्या खोलीत खोकी. मूळ खोकं नसलं तर कंपनी हात वर करते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यामुळे त्या खोलीत टीव्हीचं खोकं, मिक्सरचं खोकं, इस्त्रीचं खोकं आणि त्यांचं थर्मोकोल एवढी मंडळी सुखाने राहत, आणि आम्ही मुक्कामाला गेलो की बैठकीत एकमेकांच्या पायांवर डोकी ठेवून झोपत असू. मी एकदा म्हणालो, "अण्णा, त्या खोलीत पंखा लावा म्हणजे खोक्यांना उकडणार नाही." ते गंभीरपणे म्हणाले, "नको. पंख्याचंही खोकं येईल."

मुदत संपत आली की त्यांच्यात निराळंच वारं शिरे. पैसे भरले आहेत तर वस्तू मुदतीतच बिघडली पाहिजे, असा त्यांचा हिशेब. टीव्हीच्या शेवटच्या महिन्यात समोर कुणी नसताना तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू असे. "ताण देऊन बघतोय," म्हणत. भोरची वीज पावसाळ्यात जेवढे हेलकावे खाते तेवढे सगळे त्या टीव्हीने खाल्ले, पण त्याला काही झालं नाही. मुदत संपली त्या दिवशी साडूंनी त्याच्याकडे पाठ फिरवली. "टिकला हो, हलकट!" असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता.

कपडे धुवायचं मशीन घ्यायची वेळ आली तेव्हा मीही दुकानात होतो. ताईंच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, बोटांची पेरं संधिवाताने सुजत होती आणि डॉक्टरांनी कपडे पिळायला बंदी केली होती. विक्रेत्याने तोंड उघडायच्या आत साडूंनी वाढीव वॉरंटीचा कागद पुढे ओढला. मी धीर करून म्हणालो, "अण्णा, मशीन चांगलं असेल तर वॉरंटी कशाला? आणि वाईट असेल तर मशीन कशाला?"

साडूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पाहुणे, तुम्ही हेल्मेट घालता ते आपटायचं ठरवून घालता का?"

विक्रेत्याने या वाक्यावर अशी मान डोलावली की ते पुढच्या गिऱ्हाइकाला ऐकवायचं, हे त्याने तिथेच ठरवलं असावं. ताई एवढंच म्हणाल्या, "घ्या काय घ्यायचं ते. पण लवकर घ्या."

फुकटची मुदत संपली, विकतची सुरू झाली आणि मशीन बंद पडलं. साडूंचा फोन आला. "पाहुणे! मशीन बंद पडलं!" नातू झाल्याचं कळवतानाही त्यांचा स्वर इतका फुलला नव्हता. मग त्यांनी कंपनीला फोन लावला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं यंत्रातली बाई म्हणाली की ते न चुकता "आभारी आहे" म्हणत. तक्रार नोंदली गेली, आणि आठवडे जाऊ लागले. कंपनीचा माणूस यायचा तो कापूरहोळच्या फाट्यापर्यंत. भोर त्याच्या हद्दीत नव्हतं. भोर ज्याच्या हद्दीत होतं त्याने नोकरी सोडली होती.

आणि इकडे ताई रोज बादलीत हात घालून कपडे धूत होत्या. गल्लीच्या तोंडाशीच एक मेकॅनिक राहत होता. त्याला बोलावते म्हणाल्या तर साडू दारात आडवे. "खबरदार! बाहेरच्या माणसाने एक स्क्रू जरी फिरवला तरी वॉरंटी बाद होते."

"तुमच्या त्या वॉरंटीत माझी बोटं बसतात का?" ताईंनी विचारलं. मी तेव्हा तिथेच होतो. साडूंनी पुन्हा कंपनीला फोन लावला. कायद्याने वागणारा माणूस घरच्यांशी किती निर्दयपणे वागू शकतो, हे मी त्या दिवशी बघितलं.

शेवटी त्यांना युक्ती सुचली. कंपनीचा माणूस भोरला येत नाही ना? मग मशीनच कापूरहोळला न्यायचं, आणि तक्रारीत पत्ता तिथल्या फाट्यावरच्या ढाब्याचा द्यायचा. वेल्ह्याकडून तांदळाची पोती आणणारा एक टेम्पोवाला त्यांनी गाठला, आणि साक्षीदार म्हणून मला बोलावून घेतलं. आम्ही निघालो. वाटेत टेम्पोवाला सारखा मागे वळून बघत होता. न राहवून म्हणाला, "आण्णा, रागावू नका, पन ह्ये धुयाचं मशीन घिऊन आपन ढाब्यावर कशापायी चाललुया?"

"हक्कासाठी," साडू म्हणाले.

"व्हय का," म्हणत त्याने गिअर बदलला.

फाट्यावरच्या ढाब्याच्या मागे आम्ही मशीन उतरवलं. ढाबेवाल्याला सगळं लईच गमतीचं वाटलं. "लावा की हितं, बोर्ड हाय, पानी बी हाय," तो म्हणाला. "फकस्त चालू झालं तर आमची टेबलाची फडकी तेवढी एक डाव फिरवून द्या." थोड्या वेळाने कंपनीचा माणूस मोटारसायकलवरून आला. पत्र्याखाली, कांद्याच्या पोत्यांशेजारी उभं मशीन बघून म्हणाला, "काका, घरी यायचं असतं आम्ही. हे घर नाही."

साडू याच क्षणाची वाट बघत होते. "कागदावर 'ग्राहकाचे ठिकाण' असं छापलंय. ग्राहक मी. आणि मी इथं बसलोय."

तो निमूटपणे खाली बसला आणि त्याने मागचं झाकण उघडलं. आत चिंध्यांचं मऊ घरटं होतं आणि वायर कुरतडून तुटली होती.

"उंदीर," तो म्हणाला. "उंदीर वॉरंटीत येत नाही."

"मग काय येतं?"

"कंपनीचा दोष."

"उंदराला आवडेल अशी वायर बनवली, हा दोष कुणाचा? माझा?"

ढाबेवाला, टेम्पोवाला आणि दोन गिऱ्हाइकं, सगळे साडूंच्या बाजूचे होते. पण कंपनीच्या माणसाने झाकण लावलं, मोबाईलवर काहीतरी टिपलं आणि तो निघून गेला. साडू तिथल्या बाजेवर बसून राहिले. त्यांच्यासमोरचा चहा निवला. जन्मात पहिल्यांदा कागदाने त्यांना दगा दिला होता.

भोरला परतलो तेव्हा ताई दारातच होत्या. त्यांनी टेम्पोतल्या मशीनकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि आत गेल्या. थोड्या वेळाने मी निरोप घ्यायला मागे गेलो तर अंगणात साडू, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, एक चादर पिळत होते. पिळा त्यांना जमत नव्हता. सगळं पाणी त्यांच्याच अंगावर येत होतं. ताई उंबऱ्यात बसून बघत होत्या आणि बोटं चोळत होत्या. दुसऱ्या दिवशी साडू स्वतः जाऊन गल्लीतल्या मेकॅनिकला घेऊन आले. मशीन चालू झालं. सवयीने त्यांनी विचारलंच, "याची गॅरंटी किती?"

"गॅरंटी कसली, काका?" तो म्हणाला. "मी हितंच राहतोय की."

हे ताईंनी मला नंतर सांगितलं. सांगताना त्या खूप हसल्या.

आता ते दोघं पुण्याला मुलाच्या फ्लॅटवर असतात. तिथे सगळ्या वस्तूंचा दुरुस्तीचा वर्षाचा करार आहे. काही बिघडलं की सून मोबाईलवर बोट ठेवते आणि तासाभरात माणूस दारात येतो, नमस्कार करतो, दुरुस्त करून जातो. भांडायला जागा नाही. खोकी तर वस्तू आली त्याच दिवशी कचऱ्यात जातात. ताईंची बोटं बरी आहेत. साडू गॅलरीत बसून असतात, असं त्या सांगतात.

परवा साडूंचा फोन आला. हवापाणी झालं, पोराबाळांचं झालं. मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "पाहुणे, तुमच्याकडं काही बिघडलंय का हो?"

आमच्या घरात सगळं व्यवस्थित चालू होतं. मी फ्रिजकडे बघितलं. बिचारा नाकासमोर बघून गार करत उभा होता.

"फ्रिज जरा आवाज करतोय, अण्णा," मी म्हणालो.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "कसला आवाज? घरघर की खडखड?" त्यांनी विचारलं. "हात लावू नका कुणी. मी उद्या सकाळच्या एसटीने येतो."