उंबऱ्याच्या आतली इंग्रजी

आमच्या शेजारच्या काकांइतका मराठीचा धसका घेतलेला मराठी माणूस उभ्या पनवेलात दुसरा झाला नसेल. घराणं कोकणातलंच, बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठीच. पण एकुलता एक मुलगा इस्रायलला गेला, त्याने आईवडिलांना बोलावून घ्यायचं ठरवलं, आणि काकांनी फर्मान काढलं: उंबऱ्याच्या आत इंग्रजीखेरीज शब्द काढायचा नाही. प्रार्थनेतली हिब्रू तेवढी माफ. तिकडे इंग्रजी बोलतात का, असं माझ्या आईने विचारलं, तर म्हणाले, शिकलेला माणूस जगात कुठेही इंग्रजीच बोलतो.

अहो, काय सांगू! मांजराने दुधात तोंड घातलं तर त्यालाही हा माणूस इंग्रजीत दम भरायचा. गव्हाणची मासळीवाली दारात आली की आतून 'हाउ मच?' यायचं. ती एकदा वैतागून म्हणाली, "शेट, आमाला नाय समजत. बाईला बोलव." बाई म्हणजे मावशी, काकांच्या पत्नी. त्यांना इंग्रजी येत होती ती 'येस' आणि 'नो' एवढीच, आणि त्यातलं 'नो' म्हणायची त्या घरात सोय नव्हती. मग त्यांनी सरळ संसारच उंबऱ्याबाहेर, दारापुढच्या ओट्यावर आणला. तांदूळ निवडणं, नारळ खवणं, आईशी गप्पा, इतकंच काय, नवऱ्याशी भांडणसुद्धा ओट्यावर! शुक्रवारी सांजेला दिवा लावायला आत गेल्या की प्रार्थनेपुरता आवाज, पुढे मुक्या.

एका गोष्टीसाठी मात्र त्या हट्टाला पेटत. काका बाहेर निघताना उंबऱ्यात उभे राहून 'आय अ‍ॅम गोइंग' म्हणायचे. जातो! भरल्या घरातून निघताना! मावशींचे वडील असंच 'जातो' म्हणून निघाले होते, ते परत आलेच नाहीत. "एवढं एकच मराठीत म्हणा हो. येतो म्हणा," अशी त्यांची रोजची विनवणी. काका ढिम्म. शेवटी आईच भिंतीपलीकडून काकांच्या वाटचं 'येतो' म्हणून टाकायची, तेव्हा कुठे मावशींचा जीव थाऱ्यावर येई.

मग कायमचं निघायचा दिवस आला. मावशी आईच्या गळ्यात पडून रडल्या आणि टांग्यात बसल्या. काका कुलूप लावायला मागे वळले. रिकाम्या घरात एक फेरी मारून आले, उंबऱ्याच्या आतच थांबले आणि आईकडे बघत म्हणाले,

"वहिनी, येतो आम्ही."

उंबऱ्याच्या आत! मराठीत! मी हबकलोच. टांग्यात मावशींनी पदर तोंडाला लावला. ही माणसं आता परत यायची नाहीत, हे आईला पक्कं ठाऊक होतं. ती फक्त "या" म्हणाली.

पुढे बरेच दिवस ते घर बंद होतं. आई रोज सकाळी आपल्या अंगणाबरोबर त्यांचाही ओटा झाडायची. आता हे कशाला, असं मी एकदा चिडून विचारलं.

झाडू न थांबवता ती म्हणाली, "येतो म्हणालेत ना."