कासवाची क्षमा

परवा कळंब्याच्या घरी प्लंबर टाकीची चीर एपॉक्सीनं बुजवत होता. त्या उग्र वासासरशी मी थेट गुहागरच्या किनाऱ्यावर पोचलो.

अंडी घालून परतणाऱ्या कासवाच्या पाठीवर माझी थोरली बहीण, गडहिंग्लजची जनावरांची डॉक्टर, असल्याच लुकणानं उपग्रहाचं यंत्र चिकटवत होती. त्याआधी अक्कानं हात जोडले. "उत्तम क्षमा," ती पुटपुटली. आमच्या जैन घरात पर्युषणानंतर एकमेकांची मागतात, तशी. यंत्र पक्कं बसावं म्हणून आधी कवच घासावं लागतं, त्यासाठी असेल, असं मला वाटलं.

पुढं कित्येक महिने कासवाचा ठिपका नकाशावर पार श्रीलंकेपर्यंत गेला आणि एक दिवस दिसेनासा झाला. घाबरून मी अक्काला फोन केला.

"यंत्र गळून पडलं असंल. मोकळी झाली की ती," अक्का शांतपणे म्हणाली. "इतकं दिवस मागं मागं फिरलो तिच्या. त्याचीच क्षमा मागितलती."