मास्टरांच्या छातीतलं मशीन

तीस वर्षं कापड कापणाऱ्या शिंप्याने एकाच पॅन्टचे दोन्ही पाय डावे कापावेत, हे म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याने बादलीत बुडण्यासारखं. पण मास्टरांच्या हातून ते घडलं. गिऱ्हाईक समजूतदार, हसलं आणि दुसरं कापड घेऊन आलं. मास्टर मात्र त्या पॅन्टमधून बाहेरच येईनात. कात्री उचलली की असं धडधडायचं, जणू शिलाईमशीन कुणी बरगड्यांत बसवलंय. खडूने रेघ मारायची, पुसायची, पुन्हा मारायची. झोप उडाली, जेवण जाईना. दुकानात नुसत्या मोहऱ्या आखूड करणं आणि चेनी बदलणं उरलं.

त्यात एका निवृत्त हेडमास्तरांचं कोटाचं कापड पडून होतं. त्यांच्या थोरल्या भावाने जाण्याआधी दिलेलं. तसलं आता शोधूनही मिळत नाही. हेडमास्तर रोज डोकावायचे.

"घाई नाही हो मास्टर. मी असेपर्यंत दिलात म्हणजे झालं."

चौथ्या आठवड्यात मास्टर बायकोला म्हणाले, "परत देऊन टाकू. कोट आता माझ्याच्याने होणार नाही. कोटच काय, काहीच."

बायको दुकानातली काज-बटणं करायची. तिने हातातलं बटण खाली ठेवलं, दुकानाला कुलूप घातलं आणि नवऱ्याला डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं.

सगळं तपासून बाई म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे. घाबरलंय ते मन. रोज अर्धा तास भरभर चाला. आणि दर पंधरा दिवसांनी मला येऊन भेटा."

"डोकं बिघडलंय आणि इलाज पायांना?"

"कोटाला पाठीत चुण्या पडल्या तर तुम्ही खांदा उसवता ना?"

दुसऱ्या दिवसापासून मास्टर चालायला निघाले.

पण चालणंही शिंप्याचंच! पहिल्या दिवशी अर्ध्या तासात ते जेमतेम दोन गल्ल्या गेले. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून, "साहेब, डावी मोहरी अर्धा इंच लोंबतेय," "ताई, खांदा उतरलाय तुमचा." चौथ्या दिवशी बायको सोबत निघाली.

"अहो, तुम्हाला चालायला सांगितलंय, जगाची ट्रायल घ्यायला नाही!"

तिने त्यांना टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीकडे वळवलं. तिथे एकशेचाळीस पायऱ्या होत्या आणि वाटेत चिटपाखरू नव्हतं. पहिल्यांदा चाळिसाव्या पायरीवरच छाती तस्शीच धडधडू लागली. मास्टर मटकन खाली बसले.

"अगं, आलं! तेच आलं!"

"काही आलं नाही. चढलात म्हणून धाप लागली. बसा दोन मिनिटं."

दोन मिनिटांत धडधड आपसूक निवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्याभराने ते साठाव्या पायरीवर थांबू लागले, महिन्याभराने थेट टाकीपाशी. घरी आल्यावर भूक लागायची. मग झोपही येऊ लागली. आधी तुकड्यातुकड्याने, मग सलग. मध्ये दोन दिवस कंटाळा करून घरी बसले, तर तिसऱ्या दिवशी बायकोने चपलाच पुढ्यात आणून ठेवल्या.

चालणं सुरू केल्यापासून सातव्या आठवड्यात मास्टरांनी कोटाचं कापड टेबलावर पसरलं. खडूने आखलं. एकदाच. कात्री उचलली आणि बरगड्यांतलं मशीन सुरू झालं. बायकोने पलीकडे काज घालता घालता श्वास रोखला.

मास्टर कात्री धरून तसेच उभे राहिले. ही धडधड आता ओळखीची झाली होती. रोज सकाळी पायऱ्यांवर भेटायची, दोन मिनिटं आरडाओरडा करायची आणि निघून जायची. तिला कुणी हाकलायला लागायचं नाही.

ते थांबले. दोन मिनिटांत धडधड निवली. कात्री कापडात शिरली आणि खर्रर्र करत थेट दुसऱ्या टोकाला निघाली. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, बाह्या झाल्या. मास्टरांनी एकेक तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि स्टुलावर टेकले.

"झालं गं," एवढंच म्हणाले.

बायकोचा जीव भांड्यात पडला. ती काही बोलायच्या आत मास्टरांनी अस्तराच्या गठ्ठ्यावर डोकं टेकलं आणि भरदुपारी घोरायला लागले. तिने शटर अर्ध्यावर ओढलं. थोड्या वेळाने बाहेरून हेडमास्तरांचा आवाज आला, "मास्टर आहेत का?"

"आहेत," ती हळूच म्हणाली, "पण फार महत्त्वाच्या कामात आहेत. परवा ट्रायलला या."